तारीख कुठेच लिहिलेली नाही

बाई, तुमचं एक वाक्य या डिसेंबरात एका माणसाच्या तोंडून ऐकलं आणि मला शिसारी आली. वाक्य तुमचंच होतं, फक्त अर्ध्यात तोडलेलं. उरलेल्या अर्ध्याचा त्याला पत्ता नसेल असं मी मानायला तयार नाही, कारण तो तुमच्या वर्गात माझ्याच बाकावर बसत होता.

मी कोण ते आधी सांगतो. शाळेत सगळे तुम्हाला मिस म्हणत, मी एकटा बाई म्हणायचो, कारण माझी आई भंडाऱ्याकडची आणि तिच्या लेखी शिकवणारी ती बाई, मग ती मिशनची असो की म्युन्सिपाल्टीची. रेल्वेच्या वॅगन शॉपमधल्या फिटरचा पोट्टा, ज्याचं अर्धं लक्ष कायम खिडकीबाहेर. शाळेने नवा नकाशा आणला तेव्हा जुना, कडा फाटलेला, जगाचा नकाशा तुम्ही मला दिला होता. ‘खिडकीबाहेर काय आहे ते तरी बघ नीट,’ म्हणालात. आईने तो पावसाळ्यात पलंगावर टाकला, छत गळायचं म्हणून, आणि मी दोन-तीन पावसाळे अटलांटिक महासागराखाली झोपलो. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. पुढे दहावी कशीबशी झाली, अकरावी झालीच नाही. ट्रकवर क्लीनर होतो, विशाखापट्टणमला एका हॉटेलात भांडी घासली, तिथे समुद्र बघितला तर तो नकाशातल्यासारखा निळा मुळीच नव्हता, चहासारखा होता, निदान ज्या दिवशी मी पोचलो त्या दिवशी तरी. मग नाशिकला द्राक्षं, मग कुठे कुठे. हे सगळं सांगत बसलो तर मुद्दा राहील. दिवाळीपासून रायपुरात आहे. ब्राह्मणपाऱ्यात एका दोस्ताच्या खोलीत पडून असतो, दुचाकीवर पार्सलं पोचवतो.

त्या वाक्याकडे येतो. तुम्ही ते पहिल्यांदा म्हणालात तेव्हा आम्ही सहावीत असू. डिसेंबर आहे, वर्गात सगळ्यांच्या नाकाला शेंबूड आहे आणि तुम्ही इतिहास सोडून नाताळावर आलेल्या आहात. फळ्यावर पंचवीस डिसेंबर लिहिता आणि त्याच्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढता. येशूच्या जन्माची तारीख बायबलात कुठेच लिहिलेली नाही, असं तुम्ही हिंदीत सांगता. मेंढपाळ रात्री उघड्यावर मेंढ्या राखत होते एवढं आहे, पण तिकडे डिसेंबरात थंडी-पाऊस असतो, मग मेंढ्या बाहेर कशा, असं काही जण विचारतात. काही जण म्हणतात, असतील की बाहेर. पहिली दोन-तीनशे वर्षं कोणी तो दिवस पाळल्याचं दिसत नाही. पुढे कोणी पंचवीस डिसेंबर धरला, कोणी सहा जानेवारी, आणि रोमन लोकांचा सूर्याचा सण त्याच दिवसांत होता म्हणून हा दिवस धरला की आणखी कोणत्या हिशेबाने, यावर शिकलेली माणसं अजून भांडतात. सालसुद्धा पक्कं नाही. ज्याने सन मोजायला सुरुवात केली त्याचा हिशेब चुकला, त्यामुळे येशू स्वतःच्याच सनाच्या काही वर्षं आधी जन्मला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गाचे सर डोकावून गेले.

मग तुम्ही म्हणालात, ‘एक जुलैवाले हाथ उठाओ.’ अर्ध्या वर्गाने हात वर केले. मीही केला. आमच्या शाळेत ज्याच्या घरच्यांना तारीख सांगता आली नाही त्याला हेडमास्तरांनी एक जुलै देऊन टाकली होती, शाळा उघडण्याचा दिवस, कोणाचं काही बिघडत नव्हतं. माझ्या शेजारच्याने दोन्ही हात वर केले होते. त्याला तो दाखल झाला तो दिवस आठवत असेल-नसेल, पण तुम्ही तो वर्गात साभिनय करून दाखवला होता. त्याची आजी अभनपुरकडची, तुम्ही विचारलंत नातू कधीचा, तर म्हणाली, ‘धान लुवई के बेरा होए रिहिस, मिस.’ म्हणजे धानाची कापणी चालू होती तेव्हाचा. कापणी दिवाळीच्या आसपास, आणि कागदावर एक जुलै. ‘तो क्या तुम लोग पैदा ही नहीं हुए?’ तुम्ही विचारलंत. पुन्हा हशा. आणि तेव्हा तुम्ही ते पूर्ण वाक्य म्हणालात. मराठीतही एकदा म्हणालात, तुमच्या स्वयंपाकघरात, म्हणून मला ते मराठीतच आठवतं: ‘तारीख ठाऊक नाही, म्हणून तर दिवस ठरवावा लागतो. ठाऊक असती तर कशाला बसलो असतो ठरवत?’

स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ बडा दिनच्या, म्हणजे नाताळाच्या, आदल्या दिवसाची. तुमची बहीण, जिला आम्ही मावशी म्हणायचो, नर्सची ड्युटी करून आली आहे आणि पांढऱ्या साडीतच पदर खोचून सारण परतते आहे. आम्ही चार-पाच पोट्टे खाली फरशीवर. मी करंज्या भरतो आहे आणि त्या सगळ्या फुटणार आहेत. शेजारचा तो, दोन हातवाला, खिरीचं पातेलं चाटतो आहे. मी तुम्हाला विचारलं, बाई, मग चर्चमधले सगळे खोटं बोलतात का? तुम्ही लाटणं थांबवलं नाही. ‘खोटं बोलणं आणि ठरवणं यात फरक आहे. तो कळेपर्यंत करंजी नीट दाब.’ मला वाटलं मी काहीतरी फार हुशार विचारलं होतं, आणि मिळालं काय तर करंजी दाब. हेडमास्तरांनी नंतर तुम्हाला ऑफिसात बोलावून बजावलं, बच्चों को संदेह मत सिखाइए, हे सगळ्या शाळेला ऐकू गेलं. तुम्ही ‘जी’ म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी जिथे थांबला होतात तिथूनच पुढे शिकवलंत.

आता या वर्षाचं. तुमच्या मागे नाताळाचं ते जेवण मावशींनी चालू ठेवलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. दर पंचवीसला, रेल्वे कॉलनीच्या सामुदायिक भवनात, तुम्ही घालायचात तसंच: भात, पातळ वरण, वांग्याची भाजी, मटण वेगळं, बाहेरच्या चुलीवर, ज्याला नको त्याच्या पानापर्यंत त्याचा वासही जायचा नाही असा बंदोबस्त, आणि शेवटी तांदळाची खीर. चर्चची माणसं थोडी, कॉलनीचीच जास्त. माझी आई दर वर्षी कांदा कापायला जाते. बौद्ध बाई ख्रिस्त्यांच्या जेवणाला कशाला, असं तिला वॅगन शॉपमधल्या एकाच्या बायकोने विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘आपल्या बुद्धाची पौर्णिमा दर साली नव्या तारखेले येते, मले कॅलेंडरात पाहा लागते. यांची तरी एका जागी बसून आहे. कांदा मात्र दोघांच्याही घरी कापाच लागते.’ आईचं असं आहे. मुद्द्याचं बोलते आणि मग कांद्यावर येते.

भवनासाठी दर वर्षी समितीला सांगावं लागतं. मावशींचे गुडघे गेलेत, म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला मी त्यांना गाडीवर बसवून नेलं. समितीचे अध्यक्ष तेच, रिटायर्ड गार्ड, तुमच्या पंगतीत खीर परत परत मागून घेणारे. आणि सचिव कोण, तर तो, दोन हातवाला. आता त्याला सगळे भैया म्हणतात, अध्यक्षसुद्धा, जे त्याच्या बापापेक्षा मोठे आहेत. एक जुलैला चौकात त्याचा फ्लेक्स लागतो, जन्मदिनाच्या हार्दिक शुभेच्छा, खाली पंचवीस-तीस पोरांचे चेहरे तिकिटाएवढे, आणि भर पावसात गाडीच्या बॉनेटवर केक कापतात. केक भिजून पिठलं होतो तरी कापतात. मी हे या वर्षी बघितलं नाही, व्हिडिओ बघितला. कोणीतरी त्याच्या तोंडाला तो ओला केक फासतं आणि तो डोळे मिटून उभा राहतो, अभिषेक चालल्यासारखा.

मावशींनी सांगितलं, नेहमीसारखं भवन पाहिजे. तो मोबाइल बाजूला ठेवून फार गोड आवाजात म्हणाला, ‘आंटीजी, आपकी दीदी ने ही तो हमको पढ़ाया था। पच्चीस तारीख कहीं लिखी ही नहीं है। जिस दिन जन्म हुआ ही नहीं, उस दिन का भवन में क्या कार्यक्रम?’ आजूबाजूचे हसले. फार मोठ्याने नाही, त्याला बरं वाटेल इतकं. बाई, तुमचं वाक्य त्याच्या तोंडात होतं आणि ओठाच्या कोपऱ्यात गुटख्याचा लाल ओघळ होता. मला वाटलं इथेच ओकावं. तुम्ही हेडमास्तरांच्या शिव्या खाऊन आम्हाला जे दिलं, त्याचं या माणसाने दाराचं कुलूप केलं होतं.

मी म्हणालो, ‘तेरा एक जुलाई कौन सा लिखा हुआ है? आजी काय म्हणाली होती, धान लुवई.’

तो हसला. ‘मेरी बात अलग है यार। और तेरा भी तो एक जुलाई ही है न?’

पुन्हा सगळे हसले, आता माझ्यावर. मला वाटलं होतं मी त्याला पकडलं. अशा माणसांना पकडता येत नाही. त्यांना लाजच वाटत नाही तर पकडणार कुठे.

मावशी मात्र हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. गुडघा चोळत म्हणाल्या, ‘बराबर बोलला तू बेटा. तारीख पक्की नाही. मग तूच सांग. सहा जानेवारी दे, सात दे. मार्च दे. मले कोणतीही चालते. जेवण तर जेवणच आहे.’

त्याने मोबाइल उचलला, परत ठेवला. ‘देखते हैं, आंटीजी।’

‘देखते हैं म्हणजे कोणत्या तारखेले?’

तेव्हा अध्यक्ष खाकरले. ‘मैडम, माहौल ठीक नहीं है। आप समझिए न।’

म्हणजे बघा. तारखेचं काही नव्हतंच. मेंढ्या बाहेर होत्या की आत, रोमन लोकांचा सूर्य, काही म्हणजे काही नव्हतं. त्यांना पंचवीस नको होती आणि सहाही नको होती, त्यांना मावशीच नको होत्या, आणि तसं म्हणायला लाज वाटते म्हणून तुमचा धडा पुढे केला. मला त्या भैयापेक्षा त्या म्हाताऱ्याची जास्त किळस आली. भैया निदान स्वतःच्या फायद्यासाठी करतो. हा माणूस नुसता मान खाली घालून टेबलावरच्या पेपरवेटला गोल गोल फिरवत होता.

आणि दुसरीकडचे चांगले असंही नाही. पुढच्या रविवारी तुमच्या चर्चमधले एक गृहस्थ मावशींच्या घरी आले, मी सिलेंडर बदलून देत होतो. त्यांनी एक व्हिडिओ दाखवला, त्यात एक जण गणित करून पंचवीस डिसेंबर सिद्ध करत होता, मागे बासरी. ‘आप बोलिए प्रमाण है। डाउट की बात बाहर मत कीजिए। दीदी ने भी वही गलती की थी।’ तुमची चूक. तुमच्याच बहिणीच्या घरात बसून, तिचाच चहा पिऊन. मावशी म्हणाल्या, ‘ज्याचं प्रमाण नाही त्याचं मी कसं सांगू?’ ते म्हणाले, ‘फेथ रखिए।’ मला दोघांचेही चेहरे सारखेच दिसायला लागले, याचा आणि भैयाचा. एकाला तारीख पक्की नाही म्हणून दार बंद करायचं, दुसऱ्याला पक्की आहे असं रेटून दार उघडायचं. तुम्ही फळ्यावर काढलेलं ते प्रश्नचिन्ह दोघांनाही सहन होत नाही.

एक सांगतो, रागवू नका. त्या आठवड्यात मला तुमचाही राग आला होता. पार्सलं पोचवताना मनात तुमच्याशी भांडत होतो, पुरानी बस्तीत एका गल्लीत तर रस्ताच चुकलो. कशाला सांगितलंत सहावीतल्या पोरांना? बाकीच्या मास्तरांसारखं सांगितलं असतं, पंचवीस म्हणजे पंचवीस, पाठ करा, तर आज त्याच्या हातात हे आलं नसतं. मग वाटलं, त्याने दुसरं काहीतरी शोधलं असतं. गटार तुंबतं म्हणाला असता.

जेवण शेवटी पंचवीसलाच झालं, मावशींच्या अंगणात, दुपारी. अंगण म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे, तुळस नाही तिथे पपई आहे एवढंच, बाकी दोन खाटांची जागा. भवनात माणसं मावायची नाहीत, इथे अंगणच मोठं वाटलं. आई होती. चर्चची काही मंडळी आली, व्हिडिओवाले आले नाहीत. कॉलनीतल्या दोन बायका मागच्या दाराने आल्या, पटकन जेवल्या आणि मागच्याच दाराने गेल्या. जाताना एकीने हात धुता धुता सांगितलं, ‘बुरा मत मानना सिस्टर, हमारे ये समिति में हैं।’ आई म्हणाली, ‘खाऊन तर घेतलं ना, झालं मग.’ मावशींनी स्वयंपाक मात्र भवनाच्या हिशेबाने केलेला. इतक्या वर्षांचा हात, कमी पडतच नाही. वरण उरलं, भात उरला, खीर तर पातेलंभर.

सगळे गेल्यावर मावशींनी चारखणी डबा काढला, नीट भरला, वरच्या खणात खीर, आणि मला म्हणाल्या, ‘हा त्याच्या घरी देऊन ये.’

‘कोणाच्या?’

‘त्याच्याच. त्याले खीर लई आवडे. पातेलं चाटे तो, आठवते ना? आपली बाई गेली तेव्हा कब्रस्तानात सर्वात जास्त तोच रडला होता.’

मी म्हटलं, मावशी, तुम्हाला काही वाटत नाही का. त्या म्हणाल्या, ‘वाटते ना. म्हणूनच पाठवून राहिली.’ आणि डब्याला फडकं बांधून माझ्या हातात दिलं.

मी निघालो. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलोही. तो दारातच उभा होता, चार पोरं बाजूला, हातात मोबाइल, कोणालातरी काहीतरी दाखवत होता आणि सगळे हसत होते. कशावर ते मला माहीत नाही. कशावरही असेल. पण मी गाडी वळवली. बूढ्या तालाबाच्या काठी जाऊन बसलो आणि डबा उघडला. आधी वाटलं माशांना टाकावं. मग खीर चाखली. मग सगळंच खाल्लं, बाई, भात, वरण, मटण, खीर, बोटं चाटून. मटणाच्या वासाने एक कुत्रं आलं, त्याला हाडं दिली. खाताना मला खूप चांगलं वाटत होतं, आणि ते बरोबर नाही हेही कळत होतं.

डबा तळ्याच्या नळावर धुऊन मावशींना परत दिला. त्यांनी विचारलं, काय म्हणाला? आता मी काही नाही, घेतला, एवढं म्हणू शकलो असतो. पण मी म्हणालो, ‘तिथेच उभ्याने खाल्ला. म्हणाला, बाईंच्या हातची चव आहे.’ कुठून आलं तोंडात, मला ठाऊक नाही. मावशी खाटेवर बसल्या. डब्याच्या फडक्याची मांडीवर घडी घातली. मग म्हणाल्या, ‘मी म्हटलं नव्हतं? पोट्टं वाईट नाही ते. पुढच्या साली भवन देईन पाहा तो.’

हे मी आईला सांगितलेलं नाही. दोस्ताला सांगितलं तर तो हसेल. म्हणून तुम्हाला लिहितो आहे. हे कागद मावशींच्या घरी ठेवता येणार नाहीत, त्या पडलेलं सगळं वाचतात, आणि तुमच्या कब्रेवर ठेवावेत तर तिथेही झाडायला त्याच जातात. तेव्हा माझ्या पिशवीत राहतील, फाटेपर्यंत. जानेवारीत मी जगदलपूरकडे निघणार होतो, एका ट्रकवाल्याशी बोलणंही झालं होतं. अजून निघालो नाही.

काल मावशींनी मोठा पितळी गंज, भाताचं जुनं पातेलं, माळ्यावरून काढायला लावला, मला दाखवला आणि विचारलं, भवनाच्या स्वयंपाकाले हाच लागेल, कल्हई उडाली आहे, पुरानी बस्तीत कल्हईवाला अजून बसतो का, पाहून येशील? मी हव म्हणालो. उद्या जाणार आहे.